मधल्या खोलीतला हुंकार

१

त्या दोघांच्या संसारात समोरासमोर बसून बोलायची पद्धत कधी नव्हतीच. भांडण वगैरे काही नाही, सवयच तशी. लग्न झाल्यापासून ती भरल्या घरात राहिली होती. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन कार्टी आणि वर येणारेजाणारे. अशा घरात बोलणं हे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भिरकावायचं असतं. सासरे गॅलरीतून ओरडायचे, "माझा चष्मा कुणी पाहिला का?" आणि आतून कुठूनतरी उत्तर यायचं, "फ्रिजवर!" उत्तर कुणी दिलं हे बघायला कुणी उठायचं नाही. चष्मा मिळाल्याशी कारण.

त्यातही तिच्या नवऱ्याची तऱ्हा निराळी. तो उत्तर द्यायचा तेच मुळी एका अक्षरात. "दूध आणशील का?" हं. "गॅस बंद केलास?" हं. "घराला आग लागलीय." हं. सासूबाईंनी त्याचं नाव हुंकारराव ठेवलं होतं. लहानपणी गोष्ट ऐकता ऐकता डोळा लागला तरी हा झोपेत हुंकार देत राहायचा, त्यामुळे पोरगं झोपलं हे त्यांना कळायचंच नाही आणि गोष्टीतला राक्षस दोन-दोनदा मरायचा. "ऐकत काही नाही मेला," त्या सुनेला म्हणायच्या. "त्याच्या हंवर विसंबून कधी काही ठरवू नकोस."

खरं तर ऐकणं हा तिचा धंदाच होता. कानाच्या डॉक्टरांकडे ती लोकांच्या ऐकण्याची चाचणी घ्यायची. माणसाला काचेच्या छोट्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक शिट्टी सोडायची आणि ऐकू आली की बटण दाबायला सांगायचं. नवरा तिला पहिल्यांदा भेटला तो तिथेच, कारखान्यातर्फे तपासणीला आला होता. यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांना ती करावीच लागते. त्याने शिट्टी नसतानाही बटण दाबलं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. असे लोक तिला नवे नव्हते. ऐकू आलं नाही हे कबूल करण्यापेक्षा हो म्हणून मोकळं होणं माणसाला सोपं जातं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "उगाच का दाबत होतात?"

"तुम्ही काचेतून इतक्या आशेने बघत होतात," तो म्हणाला, "नाही कसं म्हणणार?"

तिथेच सूत जुळलं.

२

पुढे त्याला परदेशात, बाटल्या भरायच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. ती नोकरी सोडून त्याच्याबरोबर निघाली, पण एका अटीवर. थंडी संपेपर्यंत बघायचं. जमलं तर ठीक, नाहीतर परत. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तुझी खुर्ची तोवर तुझीच. इथे तिच्या शिक्षणाला किंमत नव्हती. पुन्हा परीक्षा द्या, मग बघू, असं सगळीकडून उत्तर आलं होतं.

जागा दुसऱ्या मजल्यावर होती. पुढे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद, बिनखिडकीची खोली. तिच्या कडेने एक बोळवजा वाट पुढून मागे जायची. जागा दाखवायला आलेला दलाल अगदी शांत गृहस्थ होता. तिने स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारलं, "पाणी दिवसभर असतं का?" तेव्हा तो मागच्या खोलीत होता. त्याने तिथून उत्तर दिलं नाही. चालत चालत तिच्यापर्यंत आला, समोर उभा राहिला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाला, "असतं." प्रत्येक प्रश्नाला हेच. बिचाऱ्याचे पाय दुखले असतील.

"इथली माणसं बघ किती शिस्तीची," नवरा म्हणाला. "नाहीतर आपण."

मधल्या खोलीत त्यांनी रिकाम्या बॅगा ठेवल्या. तिथला दिवा लागत नव्हता. मोबाइलच्या उजेडात तिला स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीवर एक तेलकट डाग दिसला. जमिनीवर पाय पसरून बसणारा माणूस रोज एकाच जागी डोकं टेकतो तेव्हा पडतो, तसला. फक्त हा खूप वर होता, उभ्या माणसाच्या डोक्याएवढा. तिने साबणाने खसाखसा घासून काढला. भाड्याचं घर म्हटलं की आधीच्यांची घाण आपल्यालाच काढावी लागते.

३

पहिले काही आठवडे वाईट गेले. तो सकाळी जायचा आणि ती घरात एकटी. बाहेर पडलं तर रस्ते स्वच्छ, माणसं सभ्य, पण कुणाशी दोन शब्द बोलायचे म्हटले तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं. दुकानात, बसमध्ये, पोस्टात ती जेमतेम लागेल तेवढंच बोलायची. आपण माणसातून उठलो की काय असं तिला वाटायला लागलं.

म्हणून संध्याकाळची ती वाट बघायची. तो येऊन मागच्या खोलीत आडवा व्हायचा, ती ओट्याशी उभी राहायची आणि दिवसभराचं साठलेलं भिंतीपलीकडे सोडून द्यायची.

"आज त्या बाईने मला परत सुट्टे पैसे मोजून दाखवले. मी काय लहान आहे?"

"हं."

"तुला सांगते, मला हल्ली माझाच आवाज ओळखू येत नाही."

यावर जरा वेळाने, अगदी योग्य तेवढा थांबून, पलीकडून आलं, "हं."

तिचा हात थांबला. हे नेहमीचं हं नव्हतं. यात ऐकलेलं होतं. पुढच्या दिवसांत तिच्या लक्षात आलं की तो खरंच सुधारलाय. पूर्वी वाक्य पुरं व्हायच्या आत हं टाकून मोकळा व्हायचा. आता शेवटपर्यंत थांबायचा. ती रडवेली झाली तर त्याचं हं हळू यायचं. ती हसली तर त्यात हसू असायचं. परदेशाने एक काम बरं केलं, तिला वाटलं. हुंकाररावांना कान फुटले.

एके संध्याकाळी तिने धीर केला. पाठ भिंतीला लावून उभी राहिली, हातातलं फडकं पिळत म्हणाली, "अरे, रागावू नकोस. मी खूप प्रयत्न केला. पण मला नाही जमत इथे. थंडी संपली की परत जाऊ या का? दोघंही?"

पलीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. तिला वाटलं, झोपला असेल. मग अगदी जवळून, तिच्या मानेमागून म्हणावं इतक्या जवळून आलं, "हं."

तिला इतकं सुटल्यासारखं झालं की ती तिथेच खाली बसून रडली. जेवताना तिने तो विषय काढला नाही. त्यानेही नाही. त्याला अवघड जात असेल, तिने मनात म्हटलं, आणि त्याला जास्तीची पोळी वाढली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना कळवून टाकलं की ती येतेय.

४

त्यानंतर काही दिवसांनी ती कांदा चिरत होती. "उद्या तुला डबा नकोय ना?" तिने विचारलं.

"हं."

"हं म्हणजे हवा की नको?"

"हं."

आणि पुढच्या दाराचं कुलूप खडखडलं. दार उघडून तो आत आला. अंगात कोट, हातात दुधाची पिशवी, नाक थंडीने लाल.

"तू बाहेर कधी गेलास?" तिने विचारलं.

"मघाशीच. तुला सांगून गेलो की."

"कधी सांगितलंस?"

"अगं, मागच्या खोलीतून ओरडलो ना, दूध आणतो म्हणून. तू हं म्हणालीस."

 सुरी हातात तशीच होती. मग तिने स्वतःची समजूत घातली, आणि ती घालायला तिच्याइतकं लायक कुणी नव्हतं. शांततेत शिट्टी ऐकणारी माणसं तिने रोज पाहिली होती. कानाला ज्याची वाट बघायची सवय असते ते तो स्वतःच तयार करतो. शिवाय जुन्या इमारतीत पाण्याचे नळ भिंतीतून गेलेले असतात आणि ते नाही नाही ते आवाज करतात. वरच्या मजल्यावरचं कुणी खाकरलं असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि तिने ते पटवून घेतलं.

फक्त मधल्या खोलीत बॅग आणायला गेली तेव्हा तो डाग पुन्हा दिसला. होता त्याच जागी. तिने या वेळी घासला नाही.

५

सासूबाईंचा फोन दुपारी यायचा. तिकडे सगळ्यांची वामकुक्षी उरकलेली असायची आणि इकडे तिचं जेवण. त्या दिवशीही गप्पा नेहमीसारख्याच चालल्या होत्या. जावेने नवे पडदे शिवले आणि ते आखूड झाले. सासऱ्यांनी चष्मा हरवला आणि तो त्यांच्याच डोक्यावर सापडला. ती हसत होती, भांडी पुसत होती, फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला होता.

"बरं, त्याला दे जरा," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? हुंकाररावांना. मघापासून मागे हं हं चाललंय त्याचं. आज सुट्टी वाटतं?"

तिने पुसायचं फडकं खाली ठेवलं. "आई, तो कामावर गेलाय."

"चल, काहीतरीच. मी आत्ता विचारलं नाही का, पोटभर जेवतोस ना रे बाळा? तर म्हणाला ना हं. तुला ऐकू नाही आलं?"

तिला आलं होतं. आता आठवलं, आलं होतं. घरात कुणीतरी हं म्हणतं याची इतकी सवय झाली होती की तिने त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

"टीव्ही असेल, आई."

"टीव्ही?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोटचा आहे गं तो. मला त्याचं हं कळत नाही होय?"

टीव्ही त्यांनी अजून घेतलाच नव्हता. तिने कसाबसा फोन ठेवला, कोट चढवला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्याच्या येण्याच्या वेळेपर्यंत ती कोपऱ्यावरच्या धोबीयंत्रांच्या दुकानात बसून राहिली, दुसऱ्यांचे कपडे गरगर फिरताना बघत.

६

तो लांबूनच हात हलवत आला. हातात फुलं होती. आयुष्यात पहिल्यांदा.

"सही केली!" तो म्हणाला. "आजपासून कायम. आता कुणी काढू शकत नाही आपल्याला."

तिला मधल्या खोलीबद्दल सांगायचं होतं. ते राहिलंच बाजूला. "कसली सही?" तिने विचारलं. "आपलं परत जायचं ठरलंय ना?"

"कधी ठरलं?"

"मी तुला विचारलं. थंडी संपली की परत जाऊ या का, असं विचारलं. तू हं म्हणालास. मी डॉक्टरांना कळवूनही टाकलं."

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "अगं, मी तुला विचारलं. मागच्या खोलीतून विचारलं, मला कायम करतायत, सही करू का, राहशील ना इथे? तुला दोनदा विचारलं. तू हं म्हणालीस. मी किती खूश झालो माहितीये?"

"खोटं बोलू नकोस."

"मी खोटं बोलतोय? डॉक्टरांना तू परस्पर कळवलंस आणि खोटं मी बोलतोय?"

जिना चढताना ते भांडले, दार उघडताना भांडले, स्वयंपाकघरात येऊन भांडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं लागट ते एकमेकांना कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. ती म्हणाली, तुझ्या हंवर विसंबू नको असं तुझी आई सांगत होती, माझंच चुकलं. शेवटी तो फुलं ओट्यावर टाकून मागच्या खोलीत निघून गेला.

ती एकटीच उभी राहिली. आपला संसार संपला, असं तिला त्या वेळी अगदी स्पष्ट वाटलं.  ती काही विचारत नव्हती, कुणाला उद्देशून नव्हती, नुसती पुटपुटली, "आता कसं व्हायचं रे आपलं?"

"हं," भिंतीतून आलं. समजुतीचं. जवळचं. डोक्यावरून हात फिरवावा तसं.

ती पळत मागच्या खोलीत गेली. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता आणि रडत होता. हं म्हणण्याच्या स्थितीत तो मुळीच नव्हता.

७

तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही, आणि ठेवला असता तर तिलाच नवल वाटलं असतं.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "चाचणी घेऊ."

रविवारी दुपारी, चांगलं ऊन आत आलेलं असताना, तिने त्याला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. एक पेला पाणी दिलं. "तोंडात धर. गिळायचं नाही. माझा आवाज आला की बोट वर करायचं."

"आणि हसू आलं तर?"

"तर फरशी तू पुसायची."

त्याने गाल फुगवले आणि डोळे मिचकावले. कालच्या भांडणानंतर पहिल्यांदाच दोघांना हसू आलं. ती बोळातून स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अरे, ऐकतोयस ना?"

"हं."

त्याचंच. शेवटी किंचित सुस्कारा सोडायची त्याची लकब, तीही होती. ती बोळातून धावत मागे आली. तो खुर्चीत ताठ बसला होता. गाल फुगलेले, बोट वर. डोळे मात्र आता मिचकावत नव्हते. ती दिसताच त्याच्या तोंडातलं पाणी शर्टावर सांडलं.

"तू हं का म्हणालीस?" त्याने विचारलं.

"मी?"

"तू विचारलंस, ऐकतोयस ना. आणि लगेच तूच म्हणालीस, हं. तुझा आवाज, अगं. मला तुझा आवाज कळत नाही का?"

एकच हं. तिला त्याचं ऐकू आलं आणि त्याला तिचं.

त्यांनी मधल्या खोलीचं दार सताड उघडलं. आत बॅगा होत्या, घडीचा पाट होता, बाकी काही नाही. त्याने मोबाइलचा उजेड फिरवला. डाग दोन होते. एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर, एक मागच्या खोलीच्या भिंतीवर, समोरासमोर, एकाच उंचीवर. आणि त्या दोहोंच्या मधली फरशी तेवढीच झिजून चकचकीत झाली होती. दोनच पावलांची वाट. इकडून ऐकायचं, वळायचं, तिकडून ऐकायचं.

तिने डागावर तळवा ठेवला. भिंत उबदार होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखी.

८

पळून कुठे जाणार? परमुलखात घर मिळवताना काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ते दलालाकडे गेले. जागा बदलून हवी, एवढंच म्हणाले. त्याने कारण विचारलं नाही, आणि दोघांनाही हे फार खटकलं. तो उठून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "महिनाअखेरीला एक जागा रिकामी होतेय."

तोवर तिने नियम केला. भिंतीआडून एक शब्द बोलायचा नाही. काही सांगायचं असेल तर उठायचं, जवळ जायचं, कोपराला हात लावायचा, चेहऱ्याकडे बघायचं, मग बोलायचं. पहिले दोन दिवस दोघांना लाज वाटली. मीठ मागायला नवऱ्याचं कोपर धरायचं म्हणजे काय! पण त्यातून एक झालं. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलायला लागले.

"परत गेलो की मी पुन्हा घरातला धाकटा," तो एकदा तिचं कोपर धरून म्हणाला. "इथे लोक मला विचारतात, यंत्र कसं लावू या. मला कुणी काही विचारलंच नव्हतं गं आजवर."

"आणि मला इथे कुणी काहीच विचारत नाही," ती म्हणाली. "मी मुकी होत चाललेय."

त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. तिला जाणवलं, आपण किती दिवसांनी नवऱ्याचे डोळे बघतोय. शेवटी ठरलं ते असं: नव्या घरात राहायचं, तिने परीक्षा द्यायची, एक वर्ष बघायचं. नाही जमलं तर त्याने नोकरी सोडायची आणि कुरकुर न करता परत यायचं. "ठरलं?" तिने विचारलं. तो हं म्हणाला नाही. तो म्हणाला, "ठरलं. शब्द देतो." डॉक्टरांना तिने स्वतः फोन करून खुर्ची सोडली. ठेवल्यावर थोडी रडली, पण हे रडणं चालण्यासारखं होतं.

घर मात्र गप्प झालं होतं, आणि ते घराला सोसत नव्हतं.

आधी नुसतं यायचं, "हं?" प्रश्नासारखं. काही म्हणालात का, असं. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. मग ती ओट्याशी असली की मागून त्याच्या आवाजात हाक यायची, "अगं." तो मागे असला की तिच्या आवाजात, "अरे." हळू आवाजात, संकोचाने, जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्याने दाराशी खाकरावं तशी. तिला भीती वाटायची आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. काचेच्या खोलीत बसलेली म्हातारी माणसं तिला आठवायची. शिट्टी केव्हाची थांबलेली असायची आणि ती आपली पुढे वाकून, श्वास रोखून बसलेली असायची. आता येईल, आता येईल.

सामान बांधायच्या दिवशी त्याने मधल्या खोलीतल्या सगळ्या बॅगा बाहेर काढल्या. दार थोडं उघडं राहिलं होतं. ती चादरी घेऊन बोळातून जात होती. फटीतून आत ऊन गेलं होतं, त्यात भिंत दिसत होती आणि भिंतीला लागून एक कान.

तिने हजारो कान पाहिले होते. तिला चुकणं शक्य नव्हतं. दाबून दाबून लालबुंद झालेला. आणि गुळगुळीत. कानाला असतात त्या वळ्या, घड्या, सगळ्या घासून गेलेल्या. किती काळ भिंतीला लावला म्हणजे असा होईल, एवढंच तिच्या मनात आलं. मग तो बाजूला झाला, कुणी ऐकता ऐकता पकडलं गेल्यावर ओशाळून होतं तसा.

तिने चादरी खाली टाकल्या, नवऱ्यापाशी गेली आणि त्याचं कोपर दोन्ही हातांनी धरलं.  

९

निघायच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. थंडी सरली होती. सामानाची गाडी खाली उभी होती आणि तो एकेक बॅग, एकेक खोकं खाली नेत होता. शेवटच्या फेरीला त्याने तिचं कोपर धरलं, चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "हे एवढं ठेवून येतो. मग कुलूप लावू." आणि गेला. घरात आता काही उरलं नव्हतं. ओट्यावर दोन कप होते, सकाळच्या चहाचे.

ती ते धुवायला उभी राहिली. नळ जोरात सोडला होता. नव्या घराच्या खिडक्या मोठ्या होत्या. तिथे कोपऱ्यावर कानांचा दवाखाना होता आणि तिथल्या बाईंनी तिला नुसतं बसून बघायची परवानगी दिली होती. पडदे लागतील, तिने हिशेब केला, आणि जावेसारखे आखूड शिवायचे नाहीत. तिला खूप दिवसांनी बरं वाटत होतं. हातात साबणाचा फेस होता, पाण्याचा आवाज भरून राहिला होता, आणि मागून नवऱ्याने काहीतरी विचारलं. "अगं," एवढं तिला कळलं, मग पाण्यात बुडालेले दोन-चार शब्द आणि शेवटी "ना?"

"हं," ती म्हणाली.

कप विसळून ती तो ओट्यावर पालथा घालत होती तेव्हा तिची नजर खिडकीबाहेर गेली. खाली रस्त्यावर तो गाडीत खोकं सरकवत होता. त्याने वर पाहिलं, ती दिसली, त्याने हात हलवला.

तिने नळ बंद केला.

काय विचारलं होतं? तिने आठवायचा प्रयत्न केला. ऐकणं हा जिचा धंदा होता तिला एक शब्द आठवेना. नवऱ्याला जन्मभर ज्यावरून टोकलं तेच तिने केलं होतं. न ऐकता हं म्हटलं होतं. ते मागे घ्यावं म्हणून ती वळली, तोंड उघडलं, पण कुठे बघून बोलायचं तेच कळेना.

घरात अगदी शांत होतं. मग रिकाम्या मधल्या खोलीतून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. सावकाश, सवय नसलेल्या हाताने, या टोकापासून त्या टोकापर्यंत.